निस्तारी तलाव

पेपर तिसऱ्या जर्नलकडून परत आला तेव्हा मी कणीक मळत होते. कणकेच्या बोटांनीच फोन उघडला. आपल्या कामात आम्हाला रस वाटला, परंतु... त्या ‘परंतु’च्या पुढचं वाचायचं मी तोवर सोडून दिलं होतं. हात धुतले, पोळ्या लाटल्या, डबे भरले आणि नवऱ्याला, भास्करला, त्याच्या ऑफिसच्या बसपर्यंत स्कूटरवर सोडून आले. माणूस फार थकला की त्याला रडूसुद्धा येत नाही. त्याला फक्त एक वाटी वरण-भात आणि कुणी न बोलणं हवं असतं, आणि आमच्या घरात या दोन्ही गोष्टी मलाच कराव्या लागतात.

माझं माहेर नागपूरचं, सासर रायपूरचं, घर बूढ़ापाऱ्यात. एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी. करते आहे असं मी इतकी वर्षं सांगत आले की माझी मुलगी मंजिरी लहान असताना तिला ते आजाराचं नाव वाटायचं. ‘मम्मी को पीएचडी है,’ असं तिनं एकदा शाळेत सांगितलं होतं आणि तिच्या बाईंनी मला बोलावून माझी तब्येत विचारली होती. तेव्हा मी खूप हसले होते. आता वाटतं, पोरीचं फारसं चुकलं नव्हतं.

थीसिस लिहून तयार होता. कपाटावर, साड्यांच्या खोक्याशेजारी पडून होता. पण विद्यापीठाचा नियम असा की एक तरी पेपर एखाद्या बऱ्या जर्नलनं स्वीकारलेला हवा, त्याशिवाय थीसिस हातात घेणार नाहीत. मला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती, डिसेंबरअखेरपर्यंतची. माझे गाईड देवीदास सर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. ‘सुनेत्रा, माझ्यासोबत तू पण रिटायर होशील बरं का,’ असं ते गमतीनं म्हणायचे. गंमत दरवेळी थोडी कमी व्हायची.

विषय आमचा साधा होता. नवी राजधानी, नया रायपूर, वसवायला घेतली तेव्हा अभनपूरच्या बाजूची कितीतरी गावं तिच्या हद्दीत आली. गावांभोवती सहा-सहा पदरी रस्ते झाले, त्यांच्यावर लांबच लांब दिवे लागले, आणि मधल्या जागेत गावांचे जुने तलाव तसेच राहिले. त्यातल्या चार तलावांचं पाणी मी तपासत होते. दर महिन्याला स्कूटरला थर्माकोलचा डबा बांधायचा, बाटल्या भरून आणायच्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासायच्या. तलावांना आम्ही एस-एक ते एस-चार अशी नावं दिली होती. त्यांची खरी नावं मी कुणाला विचारली नव्हती.

प्रत्येक तलावाच्या काठावर मात्र पंचायतीची एक पिवळी पाटी होती: ‘निस्तारी तालाब’. रायपूरमध्ये राहणाऱ्या माणसाला हा शब्द काय नवा? कचऱ्याच्या गाडीवर ‘अपशिष्ट निस्तारण’ लिहिलेलं असतं, नाल्याच्या टेंडरमध्ये ‘मल-जल निस्तारण’ असतं. निस्तारण म्हणजे विल्हेवाट. शिवाय माहेरी दूध उतू गेलं की आई म्हणायची, ‘आता तूच निस्तर.’ म्हणजे घाण साफ करणं आलंच. हिंदीकडून बघा नाहीतर मराठीकडून, अर्थ चोख जुळत होता. निस्तारी तलाव म्हणजे गावाचं सांडपाणी सोडायचा तलाव. मी पेपरात तसं लिहिलं, सरांनी तसं वाचलं, आणि आमच्या कॉलेजच्या डायरेक्टरांनी, ज्यांचं नाव लेखकांमध्ये घालायची पद्धत आहे म्हणून घातलं होतं, त्यांनी वाचलंच नाही. पेपराचं नाव ठरलं: नव्या राजधानीतील सांडपाणी-तलावांच्या पाण्याची गुणवत्ता.

त्या तलावांत बाया-माणसं आंघोळ करताना मी दर महिन्याला बघत होते. पण मी जायची ती पाण्यासाठी. त्यांना जरा सरकायला सांगायची, बाटली बुडवायची आणि निघायची. मनात म्हणायची, बघा, सांडपाण्याच्या तलावात पोरांना बुचकळतात, यांना कोण समजावणार.

तिसऱ्या नकारानंतर मी चौथ्या जर्नलच्या मागे लागले. परदेशातलं, नुसतं पाण्याच्या शास्त्राला वाहिलेलं. ज्यांनी कधी पेपर पाठवला नाही त्यांना वाटतं, संशोधन अवघड असतं. संशोधन सोपं असतं हो. अवघड असतं ते पाठवणं. आधीच्या जर्नलला संदर्भांमध्ये वर्ष कंसात हवं होतं, ह्यांना शेवटी हवं. त्यांना तक्ते मजकुरात हवे होते, ह्यांना वेगळ्या फायलीत. पासवर्ड मी विसरायची, नवा मागवायची, तोही विसरायची. एकदा सगळं भरून झाल्यावर त्या वेबसाइटनं मला विचारलं, तुमचा चित्ररूप सारांश कुठे आहे? मी मंजिरीला विचारलं, चित्र काढतेस का गं? ती म्हणाली, ‘मम्मी, मेरा यूनिट टेस्ट है.’ माझ्याशी ती नेहमी हिंदीतच बोलते. मग मीच एक तलाव काढला. तो ताटलीसारखा दिसत होता. तसाच पाठवला.

आणि नोव्हेंबरमध्ये मेल आलं: किरकोळ दुरुस्त्या करून पाठवा, स्वीकारायला हरकत नाही.

मी ते दोनदा वाचलं, त्यात ‘परंतु’ शोधत. नव्हता. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी उठून उगाचच पंखा बंद करून आले. पहिल्या परीक्षकानं तर स्तुतीच केली होती: सांडपाण्याचे तलाव असूनही पाणी मानकांच्या पुष्कळच आत आहे, ही आशादायक बाब आहे. दुसऱ्या परीक्षकाचा एकच प्रश्न होता. चित्र दोनमध्ये, एस-चारच्या छायाचित्रात, सांडपाण्याच्या तलावात स्त्रिया आणि मुलं आंघोळ करताना दिसतात. हे कसं? त्यांना कुणी अडवत नाही काय?

मी सरांना फोन केला. ते खूश झाले. दुसऱ्या परीक्षकाचा प्रश्न ऐकून तर हसलेच.

“त्याले काय माहीत आपल्या इकडलं! पाणी दिसलं का लोक साबण घेऊन उतरतात. तू असं कर, दुसरा फोटो लाव. माणसं नसलेला.”

माणसं नसलेला फोटो माझ्याकडे नव्हता. म्हणून रविवारी सकाळी मी भास्करला स्कूटरवर मागे बसवलं आणि एस-चारला गेले.

तलाव छान आहे तो. तोपर्यंत मी हे कधी बघितलं नव्हतं. एका काठाला पिंपळ, त्याच्याखाली छोटी महादेवाची पिंडी, आणि पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. इकडे त्यांना पचरी म्हणतात. पचरीवर बायांची ही गर्दी. भास्कर पिंपळाखाली मोबाइल काढून बसला. मी पायऱ्या उतरून त्यातल्या त्यात तोंडओळखीच्या बाईकडे गेले. सोनिया तिचं नाव. दर महिन्याला ती मला बघायची, मी तिला सरकायला सांगायची, एवढीच आमची ओळख. कंबरभर पाण्यात उभी राहून ती पोरीचं डोकं घासत होती.

“का मैडम, जाँच करे बर आए हव?” तिनं विचारलं.

“जाँच हो गई,” मी म्हटलं. “अब फोटो लेनी है. आप लोग पाँच मिनट ऊपर चले जाएँगे?”

“अच्छा! त कइसे हे हमर पानी? पास हे?”

मी चांगल्या मनःस्थितीत होते. किती महिन्यांनी. माझ्या पेपरात लिहिलं होतं तेच मी सांगितलं. “हाँ, पास है. ठीक है.”

सोनियानं वळून सगळ्या पचरीला ओरडून सांगितलं, “सुनव ओ, हमर तरिया पास होगे!” तरिया म्हणजे तलाव. बाया हसल्या. एक म्हातारी मला हात जोडून काहीतरी म्हणाली. मलाही बरं वाटलं, कशाला खोटं बोलू. मला तर वाटलं, या माझ्याच निकालाचं कौतुक करताहेत.

मग, मनात परीक्षकाचा प्रश्न होताच, म्हणून मी जरा शिकवण्याच्या सुरात म्हटलं, “पर नहाना यहाँ नहीं चाहिए. ये तो निस्तारी तालाब है ना.”

सोनियाला काही कळेना. “हव, निस्तारी तरिया आय,” ती म्हणाली. “त निस्तारी बर तो आए हन.” निस्तारीसाठीच तर आलोय.

“निस्तारी मतलब... गाँव का गंदा पानी छोड़ने के लिए.”

“ए दाई!” ती एवढी हसली की पोरीच्या डोक्यावरचा तिचा हात सुटला. “गंदा पानी काबर छोड़बो? नहाथन, कपड़ा धोथन, बइला-भइँसा ला धोथन. पिए बर बोरिंग हे, बाकी सब्बो निस्तारी इही म.”

सगळ्या बाया हसत होत्या. मीही हसले. त्या खरंच पाच मिनिटं वर गेल्या, ओल्या लुगड्यांनी पिंपळाखाली उभ्या राहिल्या, आणि मी फोटो घेतला. पण एक म्हैस मध्ये आली. दुसऱ्यांदा कुणाचा तरी पोरगा पळत येऊन पाण्यात उडी मारून गेला. तिसऱ्यांदा मी फोन उचललाच नाही, कारण तोवर माझ्या डोक्यात ते शिरायला लागलं होतं.

“झालं का?” भास्करनं विचारलं. “ऊन वाढून राहिलं.”

“अहो, निस्तार म्हणजे काय?”

“निस्तार? गावकऱ्यांचा वापर. पाणी, सरपण, चराई. आमच्या फायलीत असते ना, निस्तार पत्रक. रेव्हेन्यूचा जुना शब्द आहे तो.”

“तुमाले माहीत होतं?”

“म्हणजे काय! नोकरी कायची करतो मी?”

“मग मले सांगितलं काहून नाही?”

“तू विचारलं कधी?” तो म्हणाला. आणि हे खरं होतं, म्हणून मला त्याचा इतका राग आला की नया रायपूरच्या त्या रिकाम्या सहापदरी रस्त्यावर मी स्कूटर कधी नव्हे ती सत्तरनं चालवली.

आता शब्द चुकला तर काय एवढं आभाळ कोसळलं, असं कुणीही म्हणेल. म्हणून सांगते. पाण्यातली घाण पचवायला किती प्राणवायू लागतो, त्याचं एक माप असतं. माप जितकं जास्त तितकं पाणी घाण. सांडपाणी बाहेर सोडायचं असेल तर ते माप तीसपर्यंत चालतं. आंघोळीच्या पाण्याला तीनच्या वर चालत नाही. एस-चारचं माप होतं अकरा. बाकी तिघांचं त्याच्या आसपास. मी चारही तलाव तीसच्या फूटपट्टीनं मोजले होते, म्हणून ते आशादायक होते. आणि विष्ठेतल्या जंतूंचा आकडा तर सांडपाण्याच्या बाबतीत तसा कुणी मनावर घेत नाही, म्हणून मी तो शेवटच्या तक्त्यात, खाली, बारीक अक्षरांत टाकला होता. आंघोळीच्या पाण्यासाठी तो आकडा वाचला असता तर कुणीही आपलं पोर बाहेर ओढलं असतं.

घरी येऊन मी सरांना फोन केला.

“सर, शब्द चुकला. निस्तारी म्हणजे सांडपाणी नाही. लोकांच्या रोजच्या वापराचा तलाव.”

“असं का?” ते म्हणाले. “मग बदलव शब्द. किती वेळ लागते त्याले?”

“शब्द बदलवला का तक्ता बदलते, सर. आंघोळीचं माप लावावं लागते. चारही तलाव फेल होतात. निष्कर्ष पुरा उलटा होते.”

पलीकडे त्यांच्या घरचा टीव्ही ऐकू येत होता.

“तक्ता राहू दे,” ते शेवटी म्हणाले. “नुसता शब्द बदलव. गावकी तलाव कर, काहीही कर. परीक्षक काही पुन्हा हिशोब करत बसत नाही. हे पाह्य सुनेत्रा, मले डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे, मार्चमध्ये मी चाललो. तुझं एवढं झालं का मी मोकळा. इतक्या वर्षांनी दारात आली तू. आणि हा पेपर वाचते कोण? तू, मी आणि तो परीक्षक.”

सर वाईट माणूस नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझ्या प्रत्येक मुदतवाढीच्या अर्जावर त्यांनी सही केली होती, एकदा तर दवाखान्यातल्या खाटेवरून. त्यांना मी पार पडायला हवी होते. मलाही पार पडायचं होतं. मी इतकी दमले होते की कुणी मला झोपेत ढकलून पलीकडे नेलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून मी त्यांनी सांगितलं तसंच केलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि सगळीकडचा ‘सांडपाणी’ काढून ‘ग्रामीण’ घातला. तक्त्याला हात लावला नाही. म्हशीचा फोटो लावला, म्हशीबद्दल परीक्षकाची हरकत नसावी. दुसऱ्या परीक्षकाला उत्तर लिहिलं: आपल्या सूचनेप्रमाणे छायाचित्र बदलले आहे. एकही शब्द खोटा नव्हता. फायली चढल्या. शेवटी तो नेहमीचा चौकोन आला, हे काम प्रामाणिक आहे असं आम्ही जाहीर करतो. त्यात मी बरोबरची खूणही केली. फक्त ‘पाठवा’ दाबायचं राहिलं होतं.

मंजिरी समोर दहावीचं गणित सोडवत बसली होती. तिनं मान वर केली. “मम्मी, हो गया? पास?”

पास! मला पचरी आठवली. सोनिया कंबरभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, हमर तरिया पास होगे. सर म्हणत होते, वाचते कोण. पण माझा निकाल ज्यांच्याबद्दल होता त्यांना मी तो तोंडी सांगून आले होते आणि त्यांनी तो माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतला होता. त्या म्हातारीनं मला हात जोडले होते. मला लाज वाटली, इतकी की कान तापले. आणि पाठोपाठ भयंकर राग आला, सोनियाचा. तिनं त्या दिवशी विचारलं नसतं तर माझं काय बिघडलं असतं? मला पास व्हायचं होतं. मला एकदाच, फक्त एकदा, पास व्हायचं होतं.

“नहीं,” मी मंजिरीला म्हटलं आणि पान बंद केलं.

सरांना पुन्हा फोन लावला. तक्ता बदलते, म्हटलं. ते चिडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. “हे माझ्यानं होत नाही आता,” ते म्हणाले. “माझं नाव ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ. बाकी तूच निस्तर.”

आईचा शब्द. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. भास्करनं स्वतः उठून चहा केला. साखर विसरला. तसाच प्यायले.

निस्तरायला पुढचे दोन आठवडे गेले. नाव बदललं: नव्या राजधानीतील निस्तारी तलावांचे पाणी. ‘निस्तारी’ला मी ह्या वेळी परका प्रतिशब्द दिलाच नाही, तो तसाच ठेवून त्याचा अर्थ समजावून सांगितला. आंघोळीचं माप लावलं. बारीक अक्षरांतला जंतूंचा आकडा पहिल्या तक्त्यात, पहिल्या ओळीत आणला. निष्कर्षात लिहिलं, चारही तलावांचं पाणी सध्या आंघोळीस अयोग्य आहे. एस-चारचा जुना फोटो, बाया-पोरांचा, परत लावला. दुसऱ्या परीक्षकाला लिहिलं: आपला प्रश्न बरोबर होता, चूक आमची होती. सरांचं नाव ठेवलं.

संपादकाचं उत्तर लवकर आलं. आपल्या प्रामाणिकपणाचं आम्हाला कौतुक वाटतं, परंतु... निष्कर्ष मूळ निष्कर्षाच्या विरुद्ध असल्यामुळे हा लेख नवा समजून पहिल्यापासून परीक्षणाला पाठवावा लागेल. त्याला काही महिने लागतील.

डिसेंबर संपला. विद्यापीठातून नोंदणी रद्द झाल्याचं कळवलं गेलं. कॉलेजात माझी जागा हंगामी होती, ती हंगामीच राहील असं डायरेक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं, आणि पेपर छापून आलाच तर त्यांचं नाव राहू द्यावं असंही. मी थीसिस कपाटावरून काढला, पुसला आणि परत कपाटावर ठेवला. दुसरी जागाच नव्हती. मंजिरी दारात उभी होती. “आप फेल हो गईं, मम्मी?” तिनं हळूच विचारलं. आणि मग पहिल्यांदाच, मोडक्यातोडक्या मराठीत, “जाऊ दे ना. मी आहे न.” त्या दिवशी मात्र मी रडले.

एक काम राहिलं होतं. आधी मी त्या गावच्या पंचायतीत गेले. निकालाचा कागद दाखवला. तिथल्या माणसानं तो उलटापालटा करून बघितला आणि अदबीनं विचारलं, “मैडम, ये कहीं छपा है क्या? छपा हुआ हो तो आगे भेज सकते हैं.” मी म्हटलं, छपेगा. त्यानं कागद परत दिला.

मग मी तलावावर गेले. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, पचरी भरलेली होती. सोनिया खालच्या पायरीवर बसून पोरीच्या डोक्याला साबण चोळत होती. मला बघून हसली.

“फेर फोटो, मैडम?”

“नहीं,” मी म्हटलं. तिच्याशेजारी पायरीवर बसले. साडी भिजली. “सोनिया, पानी पास नहीं है. फेल है. इसमें नहाना ठीक नहीं. बच्चों को तो बिल्कुल नहीं. पेट की बीमारी होती है, खाल की भी.”

तिचे हात थांबले. “पाछू पइत तो पास रिहिस न?”

“मैंने गलत बताया था.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही, राग परवडला असता. काहीतरी आठवून बघावं तशी ती बघत होती, आणि मी तिला विचारायला हवं होतं की काय आठवलं, पण माझी हिंमत झाली नाही. मग ती उठली आणि पाण्यातल्या बायांना तिनं काहीतरी सांगितलं. ह्या वेळी ओरडून नाही. एकेक जण वर सरकली. पोरांना बखोटीला धरून बाहेर काढलं. “निकल, निकल पानी ले!” बघता बघता सगळ्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहिल्या, ओल्या, साबणाच्या, हातात पिळे घेतलेल्या, आणि खाली तलाव रिकामा झाला. परीक्षकाला हवा होता अगदी तसा. फोन माझ्या पर्समध्येच होता.

पायरीवर सोनियाची पोरगी तेवढी राहिली होती. डोकं साबणानं पांढरं, डोळे मिटलेले. ती रडायला लागली.

“दाई, आँखी जरत हे!”

सोनियानं पाण्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “त अब कामा धोवँव, मैडम?” मग आता कशात धुऊ?

माझ्या पर्समध्ये प्यायच्या पाण्याची बाटली होती. मी ती काढली, झाकण उघडलं आणि पोरीच्या डोक्यावर ओतली. सोनिया हातानं साबण काढत होती, मी जमेल तितकी बारीक धार धरत होते. डोळे झाले. कपाळ झालं. अर्ध्या डोक्यापर्यंत बाटली संपली.

सोनियानं पोरीला उचललं, दोन पायऱ्या खाली उतरली आणि उरलेलं डोकं तलावात धुतलं.